गाऱ्हाणं गाडीचं : अलार्म बसला, पण दिव्यांचं काय?

बाजारातून आणलेला अलार्म गाडीला बसवला की सेंट्रल लॉक आणि सायरन सहसा पहिल्याच दिवशी चालू होतात. घोडं अडतं ते दिव्यांच्या वायरपाशी, कारण ती सगळ्यात शेवटी, अंधार पडायच्या बेतात आणि घाईत जोडली जाते. या महिन्यात त्याच विषयाची पत्रं जास्त आली, म्हणून हे सदर त्यालाच दिलं आहे.

अमुक गाडीत पार्किंगची वायर कोणत्या रंगाची, असं विचारणाऱ्यांना मात्र आम्ही उत्तर देत नाही. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत रंग बदललेले असतात आणि अलार्मच्या वायरींचे रंग तर कंपनीगणिक निराळे. रंग बघून जोडलेली वायर बरोबर निघाली तर ते नशीब समजा.

प्रश्न : माझी जुनी हॅचबॅक आहे. अलार्मची लाइटची वायर स्टिअरिंगखाली पार्किंग लाइटच्या वायरला जोडली. रिमोटने लॉक होतं, सायरन एकदा वाजतो, पण दिवे लुकलुकत नाहीत. रात्री पार्किंग लाइट चालू असताना लॉकचं बटण दाबलं, तर टेल लॅम्पचा १० अँपिअरचा फ्यूज उडतो. दिवसा कधीच उडत नाही. अलार्म परत करावा का? (सांगली)

उत्तर : परत करू नका, अलार्म धड आहे. दिवे बंद असताना काहीच होत नाही आणि चालू असताना फ्यूज उडतो, एवढ्या लक्षणावरून दोष ओळखता येतो. अलार्म त्या वायरला प्लस देण्याऐवजी मायनस देतो आहे.

तुमच्या गाडीत स्विच चालू केला की पार्किंगच्या वायरमध्ये प्लस येतो आणि बल्बमधून जाऊन बॉडीला उतरतो. लॉक होताना अलार्मने त्याच वायरला मायनस लावला, तर बंद बल्बच्या दोन्ही टोकांना मायनसच. तो पेटणार कसा? त्या वेळी स्विच चालू असेल, तर फ्यूजमधून आलेला प्लस बल्ब सोडून सरळ मायनसला भिडतो आणि शॉर्ट होतो. म्हणून फ्यूज रात्रीच उडतो.

बऱ्याच अलार्ममध्ये हे बदलण्यासाठी जंपर असतो. कधी तो डब्याच्या झाकणाखाली छोट्या प्लगच्या रूपात असतो, कधी फ्यूज इकडून तिकडे सरकवायचा असतो. काहींमध्ये आतल्या रिलेची (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) एक जाड वायर बाहेर काढलेली असते. तिला प्लस जोडला तर दिव्यांच्या वायरवर प्लस येतो, मायनस जोडला तर मायनस. तुमच्या फिटरने ती वायर बाकीच्या काळ्या वायरींबरोबर अर्थला, म्हणजे बॉडीच्या मायनसला, लावली असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे प्लस देताना १० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालायला विसरू नका, आणि तो प्लस जिथून घ्याल तिथून वीतभर अंतराच्या आतच घाला.

जंपर फिरवण्याआधी वायर तपासून घ्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा, लाल पिन वायरला. पार्किंग बंद असताना ० आणि चालू केल्यावर १२ आले, तर ती प्लसची वायर. बंद असताना १२ आणि चालू केल्यावर ० आले, तर ती मायनसची. दुसऱ्या प्रकारात स्विच दिव्यांना थेट करंट देत नाही, टेल लॅम्प रिलेच्या कॉइलला (रिले ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) फक्त अर्थ देतो. अशा वायरला अलार्मने मायनसच द्यायचा असतो. तिथे चुकून प्लस दिला तर तुमच्या तक्रारीचाच उलटा अवतार दिसतो, दिवे लुकलुकत नाहीत आणि पार्किंग चालू असताना लॉक केलं की गाडीचा नाही, अलार्मचा फ्यूज उडतो. कुठला फ्यूज उडाला हे बघितलं तरी अर्धं निदान होतं.

वायर बरोबर आहे ना, यासाठी आणखी दोन गोष्टी बघा. स्विच पार्किंगवरून हेडलाइटवर नेला तरी १२ व्होल्ट टिकले पाहिजेत. एकाच टप्प्यात करंट येणारी वायर आपली नाही. मग ७.५ अँपिअरचा फ्यूज घातलेली वायर बॅटरीच्या प्लसला लावून (मायनसच्या प्रकारात बॉडीला लावून) तिचं दुसरं टोक या वायरला क्षणभर टेकवा. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबर प्लेटचा असे सगळे दिवे पेटले पाहिजेत. प्रत्येकी ५ वॅट धरले तर २५ वॅट, म्हणजे साधारण २ अँपिअर, ७.५ चा फ्यूज आरामात झेपतो. एकाच बाजूचे पेटले तर तुमच्या गाडीत डाव्या आणि उजव्या पार्किंगच्या वायरी वेगळ्या आहेत. युरोपीय धाटणीच्या गाड्यांत हे नेहमीचं आहे, आणि त्यांच्या वायरिंगच्या आकृतीत या दोन वायरींवर ५८ एल आणि ५८ आर असे आकडे दिसतात.

नवशिके इथे एका गोष्टीला फसतात. मीटर ‘बीप’वर ठेवून पार्किंगची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये लावला तर तो वाजतो, आणि माणूस ‘ही अर्थची वायर’ असं समजून तिला अलार्मची काळी वायर जोडून मोकळा होतो. ५ वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे २९ ओहम भरतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. असे पाच बल्ब समांतर जोडलेले असले की मीटरला ओहमच्या आतलाच आकडा दिसतो. तो वाजणारच. म्हणून दिव्यांची वायर ओळखायला ‘बीप’ वापरायचाच नाही.

तुमच्याकडे शॉर्ट बऱ्याचदा झालेला दिसतो, तेव्हा अलार्मच्या रिलेचे पॉइंट चिकटलेत का तेही बघा. डब्याचा कपलर (वायरींचा प्लग) काढा आणि डब्याच्याच पिनांवर मीटर लावा. दिव्यांची पिन आरामाच्या स्थितीत प्लसलाही जोडलेली नको, मायनसलाही नको. जोडलेली असेल तर रिले बदलून घ्या. आणि फ्यूज पुन्हा उडतो म्हणून १० च्या जागी २० चा घालणं, चांदी किंवा तार गुंडाळणं हे उद्योग कुणी सुचवले तरी करू नका. २० अँपिअरचा फ्यूज उडायच्या आधी ती बारीक वायर तापून डॅशबोर्डच्या आत वितळेल.

प्रश्न : लॉक केल्यावर बाहेरचे दिवे लुकलुकत नाहीत, पण स्पीडोमीटरमागचे आणि एसीच्या बटणांमागचे दिवे लुकलुकतात. (कोल्हापूर)

उत्तर : जोड पार्किंगच्या वायरला न होता डॅशबोर्डच्या दिव्यांच्या वायरला झाला आहे. पार्किंग चालू केलं की तिच्यातही करंट येतो, म्हणून फिटर फसतो. पार्किंग चालू ठेवून डॅशचा उजेड कमी-जास्त करणारी डिमरची चकती फिरवा. वायरवरचे व्होल्ट तिच्याबरोबर खालीवर झाले तर ती वायर सोडा. अलार्मचा करंट उलट्या बाजूने डिमरमध्ये शिरत राहिला तर डिमर जळतो, आणि अनेक गाड्यांत तो स्पीडोमीटरच्या युनिटमध्येच असतो. तोवर लॉक करायला किल्ली वापरा.

प्रश्न : अलार्ममधून दिव्यांसाठी दोन सारख्या वायरी येतात. दोन्ही एकत्र करून इंडिकेटरला जोडल्या. आता डावा इंडिकेटर दिला तरी चारही दिवे लुकलुकतात. (नाशिक)

उत्तर : आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक अलार्म पार्किंगऐवजी इंडिकेटर लुकलुकवतात आणि म्हणूनच दोन वायरी देतात, एक डावीची, एक उजवीची. त्या एकत्र केल्या की गाडीतली डावी-उजवी बाजूही एकमेकींना जोडली जाते. दोन्ही वेगळ्या करून आपापल्या बाजूला लावा, काम झालं.

वायर शोधताना हॅझर्ड स्विचच्या (चारही इंडिकेटर एकदम लावणाऱ्या बटणाच्या) किंवा स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचच्या कपलरमागे मीटर लावा. डावीकडे दिल्यावरच व्होल्ट उड्या मारतात ती डावी. दोन्हीकडे दिल्यावर उड्या मारणारी वायर फ्लॅशरमधून (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीतून) येणारी सामाईक वायर असते. तिथे जोडलं तर इंडिकेटरची दांडी मध्ये असताना काहीच पेटत नाही.

एकत्र जोडणी तुम्ही केली नसेल आणि तरी चारही दिवे लुकलुकत असतील, तर दोन्ही वायरी डब्यातच जोडलेल्या असू शकतात. स्वस्त अलार्ममध्ये असं सापडतं. डबा सुटा करून त्या दोन पिनांमध्ये मीटर वाजला, की खात्री. अशा वेळी, किंवा मुळात एकच वायर देणाऱ्या अलार्मसाठी, दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे तुकडे, लागतात. अलार्मच्या वायरचे दोन फाटे करा आणि प्रत्येक फाट्यात एक डायोड घाला, पांढरी पट्टी बल्बच्या बाजूला. मग अलार्मचा करंट दोन्हीकडे जातो, पण डावीचा उजवीकडे जाऊ शकत नाही.

डायोड कोणता हे महत्त्वाचं. दुकानदार ४००७ नंबरचा हातात ठेवेल. तो १ अँपिअरचा आहे. एका बाजूला २१ वॅटचे दोन बल्ब आणि फेंडरवरचा ५ वॅटचा, मिळून ४७ वॅट, म्हणजे जवळपास ४ अँपिअर. बल्ब थंड असताना पहिल्या क्षणी त्याच्या कितीतरी पट ओढ असते. जळालेला डायोड बहुधा आतून शॉर्टच होतो, आणि चारही दिवे पुन्हा एकत्र. ३ अँपिअरचा ५४०८ सुद्धा इथे कमीच. ६ अँपिअरचा ६ए१० घ्या. डायोडमध्ये व्होल्टभर पडतो, दिवे किंचित मंद दिसतात, त्याने काही बिघडत नाही. दोन्ही बाजू मिळून ८ अँपिअरच्या आसपास करंट अलार्मच्या रिलेमधून जाणार आहे, तेव्हा कागदावर त्या वायरची क्षमता १० अँपिअर लिहिली आहे ना, एवढं बघून घ्या.

प्रश्न : अलार्मच्या लाइटच्या वायरमध्ये दम नाही म्हणून फिटरने बाहेरून पाच पिनांचा रिले लावला. आता पार्किंग लाइट कायम चालू राहतात, आणि लॉकचं बटण दाबलं की क्षणभर विझतात. (लातूर)

उत्तर : वायर रिलेच्या ८७ नंबरच्या पिनेऐवजी ८७ए वर गेली आहे. रिले आरामात असताना ३० ही पिन ८७ए ला जोडलेली असते; कॉइलला करंट मिळाला की ८७ ला. पाच पिनांमध्ये मधली पिन म्हणजे ८७ए. तिची वायर काढून ८७ वर घाला आणि मधली पिन मोकळी ठेवा. नवीनच घ्यायचा असेल तर चार पिनांचा रिले घ्या, म्हणजे ही चूक करायला जागाच राहत नाही.

बाकीची जोडणीही तपासा. ३० ला बॅटरीचा प्लस १० अँपिअर फ्यूजमधून. ८६ ला त्याच फ्यूजनंतरचा प्लस. ८५ ला अलार्मची बारीक वायर, जी मायनसचा ठोका देते. ८७ वरून पार्किंगच्या वायरला. हे प्लसच्या गाडीसाठी झालं. मायनसच्या गाडीत बाहेरचा रिले लागतच नाही, कारण गाडीचा स्वतःचा रिले तिथे बसलेलाच असतो आणि त्याच्या कॉइलला १५० मिलिअँपिअरच्या आसपासच करंट लागतो. अलार्मच्या बारीक वायरी साधारण २०० मिलिअँपिअरपासून पुढे झेपतात.

८५ आणि ८६ या कॉइलच्या दोन पिनांमध्ये ४००७ डायोड लावा, पट्टी ८६ कडे, म्हणजे प्लसकडे. कॉइल बंद होताना जो उलटा झटका मारते तो अलार्ममधल्या ट्रान्झिस्टरला खातो. लगेच नाही, काही महिन्यांनी एकदम दिवे बंद पडतात आणि कारण कुणाला सापडत नाही. पट्टी उलटी लावली तर मात्र पहिल्याच ठोक्याला डायोड किंवा ट्रान्झिस्टर जातो. या कामाला ४००७ पुरतो, वरच्या इंडिकेटरच्या कामाला नाही.

प्रश्न : पार्किंग लाइटला अलार्म जोडल्यापासून लॉक केलं की मागचा डावा दिवा मंद लुकलुकतो आणि त्याच वेळी ब्रेक लाइटही बारीक पेटतात. फिटर म्हणतो अलार्म बदला. (रत्नागिरी)

उत्तर : अलार्म बदलून काही होणार नाही. डाव्या टेल लॅम्पची अर्थ गेली आहे. अलार्म नसतानाही ती गेलेलीच होती, फक्त तुमचं लक्ष गेलं नव्हतं. इंजिन बंद करून, दिवे बंद ठेवून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि मागे उभे राहा. त्या बाजूचा ब्रेक लाइट मंद आणि नंबर प्लेटचा दिवा किंवा दुसऱ्या बाजूचं पार्किंग बारीक पेटलेलं दिसेल.

मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ५ वॅटचं पार्किंगचं आणि २१ वॅटचं ब्रेकचं, आणि दोघांची अर्थ एकच. ती तुटली की पार्किंगच्या फिलामेंटमधून आलेला करंट परतीची वाट शोधत ब्रेकच्या फिलामेंटमधून ब्रेकच्या वायरीत चढतो आणि तिथून दुसऱ्या बाजूच्या बल्बमधून, वरच्या तिसऱ्या ब्रेक लाइटमधून बॉडीला उतरतो. दोन बल्ब एकामागोमाग जोडल्यासारखे होतात, म्हणून सगळेच मंद.

किनाऱ्यावर हे दुखणं फार. खारी हवा आणि पावसाळा, होल्डरच्या पितळी पट्टीवर हिरवट थर आणि अर्थच्या बोल्टखाली गंज. मोजायचं असेल तर पार्किंग आणि ब्रेक दोन्ही चालू ठेवून मीटरची एक पिन होल्डरच्या अर्थला आणि दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला लावा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर म्हणजे अर्थ खराब. ३-४ व्होल्ट म्हणजे ती जवळपास नाहीच. साफसफाई केली तरी जुन्या वायरवर विसंबू नका. होल्डरवरून १ चौरस मिलिमीटरची नवी वायर काढा, टोकाला रिंग लग दाबून बसवा, डिकीतल्या एखाद्या बोल्टखालचा रंग चकाकी दिसेपर्यंत खरवडा, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा हात द्या. खरवडलेली जागा उघडी ठेवली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच पत्र लिहाल.

बल्बही काढून बघा. दोन फिलामेंटच्या बल्बच्या बाजूच्या पिना मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. तरी जोर लावून उलटा बसवलेले बल्ब आढळतात. मग पार्किंग लख्ख आणि ब्रेक मंद.

प्रश्न : दोन वर्षांची गाडी, कंपनीचा रिमोट आहे, पण सायरन नव्हता म्हणून बाहेरचा अलार्म बसवला. दिव्यांच्या वायरी इंडिकेटरला जोडल्यावर डॅशच्या मीटरवर बल्ब गेल्याचा इशारा येतो आणि कधी कधी उजवे इंडिकेटर लागतच नाहीत. फिटरने मग हॅझर्डच्या बटणाला जोडून बघितलं, तर लॉक केल्यावर हॅझर्ड चालूच राहतात. (पुणे)

उत्तर : आधी इंडिकेटरच्या वायरींवरून अलार्म काढा. नव्या गाड्यांत दिव्यांना करंट स्विच देत नाही, बॉडी कंट्रोल मोड्यूल म्हणजे बीसीएम देतो, आणि प्रत्येक दिव्याला किती करंट गेला यावर लक्ष ठेवतो. अलार्मने बाहेरून १२ व्होल्ट घातले की आपण काही पाठवलेलं नसताना वायरीत करंट कसा, म्हणून तो दोष नोंदवतो आणि काही गाड्यांत ती बाजू बंदच करतो. जास्तीची वायर काढल्यावर इशारा आपोआप गेला नाही, तर स्कॅनर लावून दोष पुसावा लागेल. स्कॅनरने पुसूनही परत आला, तर बीसीएमचं ते आउटपुट तपासायला सर्व्हिस सेंटर गाठा.

हॅझर्डच्या बटणाला जोडायची कल्पना बरोबर आहे, पण बटण कोणत्या जातीचं हे कुणी बघितलं नाही. जुन्या पद्धतीचं बटण दाबलं की आत राहतं. नव्या गाड्यांतलं बहुधा दाबून परत बाहेर येतं आणि दाबल्यावर क्षणभर अर्थ देतं. बीसीएम पहिल्या ठोक्याला हॅझर्ड चालू करतो, दुसऱ्या ठोक्याला बंद. तुमचा अलार्म लॉकला एकदा आणि अनलॉकला दोनदा लुकलुकत असेल. एक ठोका म्हणजे हॅझर्ड चालू, आणि बंद करायला दुसरा ठोका येतच नाही. अनलॉक करताना दोन ठोके येतात, पहिल्याला विझतात, दुसऱ्याला पुन्हा लागतात. हा सगळा खेळ अलार्म बिघडल्यासारखा वाटतो, पण दोघंही आपापल्या नियमानं बरोबरच वागत असतात.

आमचा सल्ला सरळ आहे : दिवे जोडूच नका. कंपनीच्या रिमोटने लॉक केल्यावर गाडी स्वतःच इंडिकेटर लुकलुकवते. अलार्म असा निवडा की जो कंपनीच्याच रिमोटच्या लॉक-अनलॉकवरून चालू-बंद होतो आणि गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेल्या कपलरने, वायर न कापता बसतो. दोन वर्षांच्या गाडीत वायर कापून वॉरंटीचा वाद ओढवून घेण्यात काही शहाणपण नाही. सायरन वाजतानाही दिवे लुकलुकायलाच हवेत असा आग्रह असेल, तर त्या मॉडेलच्या कॅन वायरींशी (गाडीतले संगणक ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्यांच्याशी) बोलणारं मोड्यूल घ्या. ते बीसीएमला सांगतं आणि दिवे बीसीएमच पेटवतो.

अशा गाड्यांत बल्बचा टेस्ट लॅम्प हाताशीही ठेवू नका. ५ वॅटचा टेस्ट लॅम्प ०.४ अँपिअर ओढतो. बीसीएमच्या बारीक सिग्नल वायरीवर तो लावला तर पिन जळू शकते. मीटरच वापरा. आणि पिवळ्या नळीतून जाणाऱ्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरही लावायचा नाही.

प्रश्न : इंडिकेटरला एलईडी बल्ब आहेत. अलार्म बसवल्यापासून रात्रभर बारीक मिणमिणतात. (मडगाव)

उत्तर : अलार्मच्या सर्किटमधून मिलिअँपिअरभर करंट झिरपतो. तारेच्या बल्बला तो कळतही नाही, एलईडीला पुरतो. प्रत्येक बाजूला इंडिकेटरची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. झिरपणारा करंट त्यातून निघून जाईल. इंडिकेटर चालू असताना त्यात पाव वॅटही खर्च होत नाही, त्यामुळे तो तापणार नाही. इंडिकेटर भरभर लुकलुकतात म्हणून जो ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर विकतात तो वेगळा. तो २ अँपिअर ओढतो आणि चटका बसण्याइतका तापतो, तेव्हा लावलाच तर प्लॅस्टिकपासून दूर, पत्र्यावर स्क्रूने बसवा. रेझिस्टर लावूनही मिणमिणणं थांबलं नाही तर झिरप मोठी आहे. अलार्मचा रिले किंवा वर सांगितलेला एखादा डायोड तपासा.

प्रश्न : अलार्म बसवल्यापासून गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. दिवे तर बंद दिसतात. (नागपूर)

उत्तर : करंट मोजा, आकडाच चोर दाखवेल. बॅटरीची मायनसची केबल काढून मीटर १० अँपिअरच्या भोकात वायर घालून मध्ये लावा. दारं बंद, अलार्म लॉकवर, आणि अर्धा तास वाट बघा. गाडीतले संगणक झोपी जायला वेळ घेतात. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, सायरनही वाजू देऊ नका.

अलार्मचा स्वतःचा खर्च १५ ते २५ मिलिअँपिअर असतो. सगळं मिळून ५० च्या आत आलं तर वायरिंग निर्दोष, बॅटरी म्हातारी झाली आहे. ४०० च्या आसपास आलं तर कुठे तरी ५ वॅटचा एक दिवा जळतो आहे, डिकीतला नाही तर डॅशच्या कप्प्यातला. २ अँपिअर म्हणजे सगळे पार्किंग, पण ते तुम्हाला दिसले असते. १५० ते २०० आलं, तर एका रिलेची कॉइल रात्रभर ओढून धरलेली आहे, आणि तुमच्या वर्णनावरून आमचा संशय इथेच आहे.

गाडी चोराला सुरू करता येऊ नये म्हणून फिटर सेल्फच्या वायरीत रिले घालतात. अलार्म लॉक असताना सतत मायनस देणारी वायर त्याच्या ८५ ला जाते. ८६ ला बॅटरीचा कायमचा प्लस दिला असेल, तर गाडी लॉक असेपर्यंत कॉइल करंट खात बसते. १५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-तास, ३५ च्या बॅटरीतले चार दिवसांत १४ गेले. ८६ वरचा प्लस काढून इग्निशनचा प्लस द्या, आणि तो सेल्फ मारतानाही टिकणारा हवा. काही वायरींतला करंट किल्ली सेल्फवर नेली की जातो, तशी घेतली तर चोर आरामात गाडी सुरू करेल. बरोबर प्लस दिला की कॉइल फक्त कुणी किल्ली फिरवली तरच जागी होते.

प्रश्न : खराब रस्त्यावरून आल्यावर दिवे लुकलुकणं बंद होतं, डॅशखाली थाप मारली की सुरू. (सातारा)

उत्तर : पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड. उन्हात टेपचा गोंद सुटतो, पीळ सैल पडतो. बॅटरीची मायनस केबल काढा, जोड उलगडा, काळी पडलेली तार तेवढी कापून टाका, नव्यानं सोलून डाग द्या (सोल्डर करा) आणि वरून हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवा. डाग देण्याआधी श्रिंकची नळी वायरीत ओवून घ्या. वायर न कापता चावून बसणारे निळे-लाल क्लिप मिळतात. ते बारीक सिग्नल वायरींना चालतील, ४ अँपिअरच्या इंडिकेटरला नकोत. शेवटी जोडाच्या दोन्ही बाजूंची वायर गाडीच्या जुन्या जुडग्याला नायलॉनच्या पट्टीनं बांधा, म्हणजे वजन आणि धक्का जोडावर येत नाही.